माउलीतली ‘ली’

देवाचे आभार मानायला माझ्याकडे कारणं पुष्कळ आहेत, पण त्यातलं एक जरा वेगळं आहे. आमच्या दिघोरीच्या शारदा महिला भजन मंडळात त्यानं एका स्वभावाच्या दोन बाया टाकल्या नाहीत. माझ्यासारख्या दोघी असत्या तर पेटीचा भाता कधीच फाटला असता. राग आला की मी तोंडानं थोडं बोलते आणि बाकीचं भात्यावर काढते. आमच्या घरी रुपाचे बाबा तर पेटीच्या आवाजावरूनच ओळखतात, आज जेवायला गरम मिळणार की नाही ते.

ढोलकीवर आनंदाबाई असते. तिची जीभ जशी धावते तशीच ढोलकीही धावते. गप्पा रंगल्या की ती बसल्या जागी पुढे पुढे सरकते, आणि भजन रंगलं की तालही तसाच सरकतो. मी पेटीवरून डोळे वटारले की ती हसते. तिच्यावर कुणी चिडून राहूच शकत नाही, हीच मोठी चीड आणणारी गोष्ट आहे.

मुख्य गाणाऱ्या मनकर्णाबाई. वयानं आम्हा सगळ्यांत मोठ्या, आणि आवाज असा की देवळात गायल्या तर तलावाच्या पाळीवर म्हशी धुणारे लोक हात थांबवतात. भजनाच्या आधी कोणती साडी नेसायची, कुणी कुठे बसायचं, चहा आधी की नंतर, सगळं त्याच ठरवणार. ‘धन्यवाद’ आणि ‘चुकलं’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत.

आणि चंदा. आमच्या मागच्या घरातल्या भूपेंद्रची बायको, माहेर कारध्याचं. तिचं ‘हो’ ऐकायचं तर कान जवळ न्यावा लागतो. ती टाळ वाजवते आणि झील ओढते. म्हणजे पुढची बाई ओळ म्हणते, आणि ओळ संपता संपता मागचीनं ती उचलून पुन्हा म्हणायची. एरवी एखाद्याची झील ओढतो म्हणजे त्याची हांजी हांजी करतो असंच आपण म्हणतो. मनकर्णाबाईंच्या डोक्यातही झिलेची किंमत तेवढीच होती. “मागं बसणाऱ्यायनं मागंच राहावं,” असं त्या म्हणायच्या.

या चौघी एकमेकींना धरून कशा राहिल्या, असं मला कुणी विचारलं तर मी आमच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, बोट दाखवीन. एका वर्षी ऐन रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, रुपाचे बाबा मोटारसायकलवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. भाताची रोपं, आमच्याकडचे परे, उपटून तयार, चिखल तयार, आणि मजूर मिळेनात. तेव्हा आख्खं मंडळ माझ्या बांधीत उतरलं. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

ज्यांनी रोवणं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि भाताचे परे लावत मागे मागे सरकतात. समोरची जेवढी पट्टी जिच्या वाट्याची, ती तिची पात. एखादीचा हात हळू असला की बाकीच्या मागे निघून जातात, आणि ती दोन्ही बाजूंनी हिरव्या पऱ्यांमध्ये कोंडली जाते. मग हसणं, चिडवणं सुरू होतं. पण कोंडली जायच्या आधीच शेजारणीनं हात लांब करायचा, तिच्या पातीतले चार परे लावून टाकायचे, आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. बोललं की ती मदत राहत नाही, टोमणा होतो. त्या वर्षी माझं मन ठिकाणावर नव्हतं आणि हात चालत नव्हता, पण मी एकदाही कोंडली गेले नाही. माझ्या पातीत कुणाकुणाचे हात आले ते मी विचारलं नाही. धान पिकलं. त्या भाताचा पहिला घास खाताना मी रडले होते, हे मात्र आज लिहून टाकते.

एवढं सगळं सांगायचं कारण, ते मंडळ यंदा मोडायला आलं होतं, आणि तेही एका अक्षरासाठी.

गेल्या पावसाळ्यात मनकर्णाबाईंच्या छातीत ताप उतरला. भंडाऱ्याला दवाखान्यात राहून आल्या. हाडं वर आली, पण आवाज तसाच खणखणीत. “माह्या गळ्याले काई झालं नाई,” त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि आम्हालाही ते खरंच वाटलं. फक्त त्यानंतर त्यांची चंदावर धुसफूस सुरू झाली.

त्यांच्या आईकडून आलेलं एक भजन आहे, त्याची प्रत्येक ओळ ‘माउली’ या शब्दावर संपते. मनकर्णाबाई ती ‘ली’ अशी लांबवायच्या की ऐकणाऱ्यानं डोळे मिटावेत. आता चंदा ती ‘ली’ पुरी होऊच देईना. मनकर्णाबाई ‘माउ’वर असतानाच तिचा आवाज खालून यायचा.

“माही ‘ली’ खाते हे बाई!” मनकर्णाबाई गाणं थांबवून म्हणायच्या. “काहून वं, घरी जेवाले नाई भेटत का तुले?”

आनंदाबाई खो खो हसायची. चंदा मान खाली घालायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

अशात लाखांदूरहून बोलावणं आलं. कार्तिकात तालुक्यातल्या महिला मंडळांचा भजनाचा कार्यक्रम होता, परीक्षक येणार होते. आमच्या मंडळाला असं पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. मनकर्णाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. “मराच्या आदी एकदा लाखांदूरच्या मंचावर बसाचं होतं मले,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा हळू मी त्याआधी ऐकला नव्हता. तालुक्याला ना त्यांचं घर ना नातं, पण लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तिथलं भजन ऐकलं होतं म्हणे.

तालीम माझ्या घरच्या छपरीत असायची. आनंदाबाईची सून दीपमाला हिनं एका दुपारी मोबाइलवर आमचं भजन रेकॉर्ड केलं, चुका कळाव्यात म्हणून. आम्ही सगळ्या मोबाइलभोवती डोकी लावून बसलो. पहिली ‘माउली’ आली आणि मनकर्णाबाईंनी मांडीवर थाप मारली.

“आयका! खाल्ली का नाई? आता तं पुरावा हाय!”

खरंच, ‘ली’वर चंदाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. बोलायला जागाच नव्हती.

“आता आयक, चंदा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “माही ओळ पुरी सरू देजो. म्या तोंड मिटल्याबिगर तू तोंड उघडाचं नाई. परवा आपल्या देवळात भजन हाय, तिथं तसंच कर, मंग लाखांदूरले चाल.”

चंदानं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. “हो, काकू,” एवढंच म्हणाली.

गावच्या देवळात कार्यक्रम झाला तो दिवेलागणीला. सगळं गाव बसलेलं. मनकर्णाबाईंनी सुरुवात अशी केली की माझ्या अंगावर काटा आला. पहिली ओळ, माउली. चंदा थांबली. ‘ली’ पुरी झाली, मग तिनं झील उचलली. मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला. दुसरी ओळही तशीच गेली. तिसऱ्या ओळीला त्या ‘माउ’पर्यंत आल्या आणि पुढे काहीच आलं नाही.

आवाज नव्हता, नुसती हवा होती. दम संपला होता. चंदा सांगितल्याप्रमाणे थांबून होती. आनंदाबाईची ढोलकी एकटीच धावत राहिली. मी पेटीचा सूर दाबून धरला, पण सुरानं शब्द थोडाच पुरा होतो? मनकर्णाबाईंनी पुन्हा तोंड उघडलं आणि त्यांना खोकला लागला. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. भजन कसंबसं संपवून त्या उठल्या, चपला घातल्या, आणि आमच्याकडे न बघता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मनकर्णाबाई लाखांदूरला येणार नाहीत आणि मंडळातही येणार नाहीत. चंदानं भर देवळात मुद्दाम आपली फजिती केली, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं.

माझा पारा चढला. कुणावर ते ठरवायच्या आधीच मी चंदाच्या अंगणात पोचले. ती धान भरलेल्या बोऱ्यांची तोंडं शिवत बसली होती.

“तुले दिसून राहिलं होतं ना त्यायचा दम तुटला मनून?” मी म्हटलं. “मंग एवढी कायले अडून बसली? एरवी तं चांगली लवकर उचलत होती!”

“त्यायनंच सांगतलं होतं ना, थांब मनून.”

“अन् आदी? आदी काहून खात होती त्यायची ‘ली’?”

चंदानं सुई बोरीत टोचून ठेवली. मी तिथून हलणार नाही हे कळलं, तेव्हा म्हणाली, “बिमारीपासून त्यायचा दम पुरत नाई, ताई. ‘माउ’ मनताना खांदे वर जाते त्यायचे. मी त्यायच्या मागंच बसतो ना, मले दिसते. खांदे वर गेले का मी उचलतो. नाई गेले का थांबतो.”

“अवं, मंग सांगतलं काहून नाई?”

“कसं सांगू?” ती म्हणाली. “मी लगन होऊन आली तं मले रोवणं येत नव्हतं. कारध्याले आमची नदीकाठची वाडी, वांगे अन् डांगरं. चिखलात पायच ठरे ना माहा. सगळ्या बाया मांगं निंगून जायच्या. बाजूच्या पातीत मनकर्णाकाकू राहायच्या. पुरा रोवणा त्यायनं माही अर्धी पात लावली, अन् कोनालेच सांगतलं नाई. सासूलेबी नाई. मंग मी कशी सांगू?”

मला गप्प बसवणं सोपं नाही, ते त्या पोरीनं न ओरडता केलं. घरी येऊन मी दीपमालाला बोलावलं आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. या वेळी चंदाकडे लक्ष दिलं नाही, मनकर्णाबाईंच्या श्वासाकडे दिलं. जिथे श्वास अडखळला होता, तिथेच चंदा आधी आली होती. जिथे अडखळला नव्हता, तिथे ती ‘ली’ संपेपर्यंत थांबली होती. आम्ही सगळ्यांनी कान लावून ऐकलं होतं, पण ऐकलं ते फक्त चूक शोधायला.

चंदानं मला कुणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं. पण रीत मलाही ठाऊक होती, पात घेतली की बोलायचं नाही. मनकर्णाबाईंच्या घरापर्यंत जाताना मी स्वतःला बजावत होते, की निर्मला, नुसतं समजूत घालून यायचं.

त्या ओट्यावर सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी बसले. चहा घेतला. समजूत घालायला सुरुवात केली.

“मले तिचं नावच सांगू नको,” त्या म्हणाल्या. “कारध्याची ते. नदीकाठच्या लोकायचा भरोसा नाई. तिले समोर बसाचं असन. बसवा ना मंग! मी कोनाची झील नाई ओढत.”

झालं. इथवर मी स्वतःला धरलं होतं.

“तुमची पात घेऊन राहिली होती ते!” मी ओट्यावरून उठूनच म्हटलं. “तुमचा दम पुरत नाई, बाई. बिमारीपासून पुरत नाई. आमाले कोनालेच समजलं नाई, तिले समजलं. तुमची ‘ली’ खाली पडू नाई मनून ते रोज तुमच्या शिव्या खात होती. तुमी मने तिची पात लावत होत्या ना रोवण्यात? तिनं तेच केलं. अन् तुमी तिले चोर ठरवलं!”

मनकर्णाबाईंचे हात सुपात थांबले. शेजारच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. मी जे बोलायचं नाही तेच, तेही एवढ्या मोठ्यानं बोलून बसले होते.

“तू जाय आता,” मनकर्णाबाई म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी आले ती रडकुंडीला येऊनच. रुपाच्या बाबांनी विचारलं तर त्यांच्यावरही खेकसले. मंडळ मोडलं होतं आणि शेवटचा घाव माझा होता, असंच मला वाटत होतं. म्हाताऱ्या बाईचा दम गेला ते गेलाच, वर मी तो गल्लीला ऐकवून आले. रुपाचे बाबा लंगडत आत गेले आणि पेटीवर कापड टाकून आले. “उद्या नेशीन ना लाखांदूरले,” ते म्हणाले, “धूळ बसन.”

सकाळी आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या होतो. आनंदाबाई, दीपमाला, चंदा आणि पेटी घेऊन मी. मुख्य गाणारी नाही. तरी जायचं ठरवलं, कारण नाव दिलं होतं. आनंदाबाईसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा. बस आली. आम्ही मागे वळून वळून बघत चढलो. बस सुटली.

गावाच्या टोकाला, जिथे मनकर्णाबाईंच्या घराकडून रस्ता येऊन मिळतो, तिथे बसनं ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध हात वर करून त्या उभ्या होत्या. अंगावर आम्ही ठरवलेली हिरवी साडी.

“मावशी, स्टॉपवर उभं राहा ना!” कंडक्टर ओरडला.

“स्टॉप दूर हाय, बाप्पा,” मनकर्णाबाई सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. “दम लागते मले. दम पुरत नाई आता माहा.”

त्या चढल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. चंदाच्या शेजारी एक पोतं होतं, ते पायानं सरकवून तिथे बसल्या आणि खिडकीबाहेर कापलेल्या बांध्या बघत राहिल्या. चंदाही बघत राहिली. लाखांदूर येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र पेटी छातीशी धरून देवाला एवढे धन्यवाद दिले की त्यालाही अवघडल्यासारखं झालं असेल.

मंचावर जायची आमची वेळ आली. मनकर्णाबाई नेहमीच्या जागी, मधोमध बसल्या. चंदा मागे जाऊन बसली. त्या वळल्या.

“तिकडं कायले? इकडं सरक. माह्या बाजूनं.”

चंदा पुढे येऊन बसली. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि तिच्याकडे न बघता पुटपुटल्या, “लवकर उचलजो वं.”

त्या दिवशी आम्ही जे गायलो ते मला पेटीवर पुन्हा कधी वाजवता येणार नाही. मनकर्णाबाईंनी दम पुरवून ठेवायचा प्रयत्नच सोडला होता, त्यामुळे आवाज मोकळा सुटला. ‘माउ’पर्यंत यायचं आणि सोडून द्यायचं. चंदा खालून यायची, ‘ली’ हातात घ्यायची, आणि तेवढ्यात श्वास घेऊन मनकर्णाबाई तिच्यातच परत मिळायच्या. दोन आवाज कुठे जोडले ते मला, पेटी माझ्या हातात असून, सांगता येईना. आनंदाबाईची ढोलकी धावली. या वेळी आम्ही सगळ्याच तिच्यासोबत धावलो.

आमचा नंबर आला नाही. परीक्षक भले गृहस्थ होते, प्रत्येक मंडळाला समजावून सांगत होते. आमच्या वेळी म्हणाले, “आवाज उत्तम, तन्मयता उत्तम. एकच दोष आहे. मुख्य गायिकेचा शब्द पूर्ण व्हायच्या आधीच झील उचलली जाते. तेवढं सुधारा.”

चंदाची मान खाली गेली. तिच्या बाजूच्या मनकर्णाबाई मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उठायलाही त्यांना वेळ लागला. सगळा मांडव थांबला.

“साहेब, मार्क कापा तुमी, आमचं काई मननं नाई,” त्या म्हणाल्या. “पन ते चुकी नोहे. आमच्या दिघोरीत ‘ली’ दोघींची असते.”

मग त्यांनी हात खाली केला, आणि चंदानं तो धरून त्यांना सावकाश बसवलं.